कॉमिक्स कोडचा शिक्का: वयाचा रकाना नसलेल्या सेवेचं परीक्षण

अमेरिकेत १९५५ नंतर निघालेलं जवळपास कुठलंही जुनं कॉमिक हातात घ्या. मुखपृष्ठाच्या वरच्या बाजूला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, टपाल तिकिटासारखा एक छोटा पांढरा चौकोन दिसेल. कॉमिक्स कोड ऑथॉरिटीने हा अंक मान्य केला आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. अनेकांना तो सरकारी शिक्का वाटतो. तो सरकारी कधीच नव्हता. प्रकाशकांनी स्वतःची संघटना काढली, तिला वर्गणी दिली, न्यूयॉर्कमध्ये कार्यालय थाटलं आणि आपलीच पानं त्या कार्यालयाकडून तपासून घेतली. म्हणजे ही पैसे मोजून घेतलेली सेवा होती, आणि ती २०११पर्यंत चालली. तेव्हा तिचं मोजमापही सेवेसारखंच करावं: काय कबूल केलं होतं, काय हाती पडलं, आणि कुणाच्या हाती.

तारेच द्यायचे तर दोन वेगळे द्यावे लागतील. माल स्टॉलपर्यंत पोचवण्यासाठी पाचपैकी साडेचार. मुलांच्या रक्षणासाठी एक, आणि तोही जाहिरातींच्या कलमांमुळे.

या सेवेला गिऱ्हाईक कुठून आलं ते आधी पाहू. १९४०च्या मे महिन्यात स्टर्लिंग नॉर्थ यांनी ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये कॉमिक्सना राष्ट्रीय कलंक ठरवलं, आणि तो लेख देशभर पुन्हापुन्हा छापला गेला. तेव्हा तक्रार डोळे बिघडण्याची आणि अभिरुची बिघडण्याची होती. गुन्हेगारीची तक्रार युद्धानंतर जोरात आली. १९४८च्या शरद ऋतूत वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात शाळकरी मुलांनी सुमारे दोन हजार कॉमिक्स गोळा करून जाळली, डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्येही तशीच होळी झाली. त्याच वर्षी प्रकाशकांनी पहिली आचारसंहिता काढली होती. पण मोठे प्रकाशक तिच्यात आलेच नाहीत, आणि आले ते भराभर बाहेर पडले. कागदावर नियम होते, अंमल करणारं कुणी नव्हतं. १९५४ची आवृत्ती बनवताना हा धडा बरोबर गिरवला गेला.

मधल्या काळात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी बालगुन्हेगारी आणि कॉमिक्स यांची सांगड पक्की केली होती. वर्थम यांना नुसता खलनायक करणं सोपं आहे, पण चुकीचं. हार्लेममधल्या एका चर्चच्या तळघरात त्यांनी १९४६मध्ये लाफार्ग क्लिनिक सुरू केलं, तिथे २५ सेंटमध्ये मानसोपचार मिळत. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या डेलावेअरच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली होती. मुलांबद्दलची त्यांची कळकळ खोटी नव्हती, खोट पद्धतीत होती. समोर येणारी मुलं मुळातच अडचणीतली. त्यातली बहुतेक कॉमिक्स वाचत, हे त्यांनी पुरावा म्हणून मांडलं. पण त्या काळात अडचणीत नसलेली मुलंही बहुतेक कॉमिक्सच वाचत. तुलनेचा दुसरा गट नसेल तर अशा निरीक्षणातून काहीच सिद्ध होत नाही. पुढे २०१०मध्ये त्यांची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली, आणि २०१२मध्ये कॅरल टिली यांनी मूळ टिपणं व छापील मजकूर शेजारी ठेवून दाखवलं की मुलांची वयं बदलली होती, अनेकांची विधानं एकाच्या तोंडी घातली होती आणि घरातल्या मारहाणीसारखे अडचणीचे तपशील गाळले होते. १९५४मध्ये मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी २१ एप्रिलला न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरमधल्या फेडरल न्यायालयात सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीची सुनावणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी वर्थम यांच्यानंतर ईसी कॉमिक्सचे मालक विल्यम गेन्स साक्षीला बसले. सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’च्या २२व्या अंकाचं मुखपृष्ठ वर धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरून लटकवलेलं बाईचं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं, तर ते अभिरुचिहीन झालं असतं. तर्कशुद्ध उत्तर होतं, पण वर्तमानपत्रांसाठी आयतं कोलीतही होतं. त्या एका संवादाने प्रकाशकांना कळून चुकलं की आता काहीतरी विकत घ्यावंच लागणार.

सप्टेंबरमध्ये कॉमिक्स मॅगझीन असोसिएशन ऑफ अमेरिका उभी राहिली, ‘आर्ची’वाले जॉन गोल्डवॉटर तिचे अध्यक्ष झाले, आणि शहर दंडाधिकारी राहिलेले चार्ल्स मर्फी प्रशासक म्हणून नेमले गेले. २६ ऑक्टोबर १९५४ रोजी ४१ कलमांची संहिता मंजूर झाली.

कामाची रीत अशी. शाई भरून, अक्षरं लिहून पूर्ण झालेली काळी-पांढरी पानं कार्यालयात जात. तपासनीस (सुरुवातीला त्या सगळ्या स्त्रियाच होत्या) प्रत्येक चौकट आणि संवादाचा प्रत्येक फुगा वाचत. हरकत असेल ते नोंदवून पानं परत पाठवत. प्रकाशक दुरुस्ती करून पुन्हा दाखवत आणि मगच मान्यता मिळे. जाहिरातींची पानंही याच वाटेने जात. पहिल्या काही आठवड्यांचा हिशोब मर्फी यांनी डिसेंबरअखेर जाहीर केला: १२६ कथा नामंजूर, ५,६५६ चित्रांत बदल. त्यातले चौथ्या हिश्शाहून जास्त बदल बायकांच्या अंगाची वळणं ‘नैसर्गिक’ मापात आणण्याचे होते.

या रचनेतली मेख वेळेची आहे. तपासणी पटकथेच्या टप्प्यावर नाही, तर चित्रकाराची मजुरी खर्ची पडल्यावर होते. त्या टप्प्याला पान नव्याने काढणं परवडत नाही, म्हणून दुरुस्ती कशी होई? पांढरा रंग फासायचा, वर कागदाचा तुकडा डकवायचा, फुग्यातले दोन शब्द बदलायचे. सुरा पुसला की हवेत नुसती आवळलेली मूठ उरते. प्रेत पुसलं की चार माणसं रिकाम्या जमिनीकडे पाहून किंचाळताना दिसतात. जुन्या, कोडपूर्व कथा शिक्क्यासाठी साफ करून पुन्हा छापल्या गेल्या, त्यात हा प्रकार ठळक दिसतो. एखाद्या चौकटीत हावभाव आणि प्रसंग यांचा मेळ बसत नसेल, तर तिथे काहीतरी खरडलेलं आहे असं खुशाल समजावं. असे दोन-चार अंक अंगाशी आले की लेखक पटकथेतच सुरा टाळू लागला. कार्यालयात नोंदली गेलेली कात्री ही खऱ्या कात्रीचा लहानसा भाग. मोठी कात्री टेबलावरच चालत होती आणि तिचा हिशोब कुठेही नाही.

कलमांचा मसुदा वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. काही कलमं धोरण म्हणून लिहिली आहेत, काही थेट एखाद्या स्पर्धकाला समोर ठेवून. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, प्रत्येक वेळी चांगल्याचा विजय व्हावा, पोलीस-न्यायाधीश-सरकारी अधिकारी यांचा अनादर होईल असं चित्रण नको, हे धोरण. पण मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द एकटा येता कामा नये आणि त्याची अक्षरं शीर्षकातल्या इतर शब्दांपेक्षा लक्षात येण्याइतकी मोठी असता कामा नयेत, हे कलम पाहा. १९४२पासून निघणाऱ्या ‘क्राइम डझ नॉट पे’ या मासिकाचं मुखपृष्ठ आठवलं की उलगडा होतो. ‘क्राइम’ पाव पान व्यापून, आणि गुन्हा फळत नाही हा उपदेश त्याखाली बारीक टायपात. खोडी खरी होती, उपायही नेमका होता. १९५५मध्ये ते मासिक बंद झालं. शीर्षकात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ नको हे दुसरं कलम. ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ कोण काढत होतं? गेन्स. प्रकाशकांनी एकत्र यावं म्हणून सुरुवातीची बैठक ज्यांनी बोलावली, त्यांच्याच दुकानाला पहिलं कुलूप लागलं. परीक्षक मंडळ स्पर्धकांच्या पैशावर चालत असेल तर असं होणारच.

ईसीच्या वाट्याला आलेला अनुभव या सेवेची सगळी यंत्रणा उघडी करतो. गेन्सनी भयकथा बंद केल्या आणि १९५५मध्ये नवी, सौम्य मासिकं काढली. डॉक्टरांच्या कथा, वैमानिकांच्या कथा, चक्क मनोविश्लेषणावरचं एक मासिक. पहिले अंक शिक्क्याशिवाय गेले. कुठल्याही कायद्याने त्यांना अडवलं नाही. मात्र गठ्ठे दोरी न सोडताच परत आले. वृत्तपत्र-मासिकांच्या धंद्यात न खपलेला माल परत घेण्याची पद्धत होती, त्यामुळे घाऊक वितरकाला गठ्ठा न फोडता परत पाठवण्यात काहीच तोटा नव्हता. शिक्का नसलेला अंक ठेवून पालकसभेचा राग ओढवून घेण्यापेक्षा ते सोपं. शिक्क्याची ताकद एवढ्यात होती. जो तपासतो त्याच्या हाती दंड नाही, ज्याच्या हाती दंड तो काहीच तपासत नाही, फक्त कोपरा पाहतो.

झक मारत गेन्स सभासद झाले. मग ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या ३३व्या अंकासाठी (जानेवारी-फेब्रुवारी १९५६) एक कथा नामंजूर झाली, आणि तिच्या जागी त्यांनी १९५३मध्ये छापलेली ‘जजमेंट डे’ पाठवली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीवरचा एक प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तिथे केशरी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, बसमध्ये मागे बसवतात. आतली यंत्रं दोघांची सारखीच. हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात यायला अजून लायक नाही, असं सांगून तो परततो. शेवटच्या चौकटीत यानात बसून शिरस्त्राण काढतो तेव्हा कळतं की तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत असतात. ईसीच्या लोकांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार मर्फींचं म्हणणं पडलं की तो माणूस काळा असता कामा नये. संहितेत वांशिक गटाची टवाळी करू नये असं कलम आहे. ही कथा तर नेमकी त्या कलमाच्या बाजूने उभी आहे! गेन्सनी जाहीर वाच्यता करण्याची धमकी दिल्यावर मागणी घामाचे थेंब काढण्यावर आली. तेही काढले नाहीत. कथा जशीच्या तशी छापली गेली, अंकावर शिक्काही होता, आणि ईसीचं ते शेवटचं कॉमिक ठरलं.

‘मॅड’ वाचलं ते वेगळ्या वाटेने. १९५५च्या जुलैचा २४वा अंक मोठ्या आकाराचं, काळं-पांढरं, २५ सेंटचं मासिक म्हणून निघाला, आणि मासिकं कोडच्या कक्षेत येत नव्हती. दहा सेंटच्या रंगीत पुस्तिकेत जे चालत नाही ते पंचवीस सेंटच्या बिनरंगी मासिकात चालतं. मुलांचं रक्षण कागदाच्या आकारावर ठरत होतं.

शिक्क्याशिवायही धंदा चालतो हे दाखवणारे दोन अपवाद होते. डेल आणि ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ काढणारे गिल्बर्टन. डेलकडे डिस्नेची पात्रं होती, पालकांचा विश्वास आधीच होता; त्यांनी स्वतःचंच हमीपत्र अंकात छापलं आणि संघटनेत जायला नकार दिला. नाव मोठं असेल तर प्रमाणपत्र लागत नाही. लहान प्रकाशकांना ही सोय नव्हती. १९५४च्या सुमारास साडेसहाशेच्या घरात असलेल्या मासिकांची संख्या दोन वर्षांत अडीचशेच्या आसपास आली. सगळा दोष शिक्क्याचा नाही. दूरचित्रवाणी घरोघरी येत होती, ईसीची वितरक कंपनी बुडाली, १९५७मध्ये अमेरिकन न्यूज कंपनीसारखा मोठा वितरकही या धंद्यातून उठला.

एक तारा जाहिरातींसाठी म्हटलं, त्याचं कारण इथे सांगतो. त्या काळच्या कॉमिक्सच्या मागच्या पानांवर खरा माल टपालाने विकला जाई: चाकू, हुबेहूब बंदुका, फटाके, अंगकाठीवरून लाजवणारी औषधं. वर्थम यांची या पानांवरची टीका त्यांच्या सर्वांत भक्कम टीकेपैकी होती. कथेतला चाकू कागदावरच राहतो, जाहिरातीतला घरी येतो. संहितेने चाकू, हुबेहूब बंदुका, फटाके, दारू, तंबाखू आणि जुगाराचं साहित्य यांच्या जाहिराती बंद केल्या. इथे धोका, कारण आणि उपाय एका रेषेत आहेत. बाकी ४१ कलमांत असं क्वचितच आढळतं.

आणि बालगुन्हेगारी? बालन्यायालयांत येणाऱ्या प्रकरणांचे आकडे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातही चढतच राहिले, भयकथा स्टॉलवरून नाहीशा झाल्यावरही. त्यावरून कॉमिक्स निर्दोष ठरतात असं नाही. पण डब्यावर लिहिलेला गुण डब्यात नव्हता एवढं नक्की.

सर्वांत मोठा दोष मात्र वेगळाच. शिक्क्यावर वय नाही. आठ वर्षांच्या मुलाला आणि छावणीत कॉमिक्स वाचणाऱ्या सैनिकाला एकच माप. गंमत म्हणजे वर्थम यांची मागणी अशा शिक्क्याची नव्हतीच. लहान मुलांना विक्री कायद्याने बंद करा, मोठ्यांनी काय वाचायचं ते वाचू द्या, असं ते म्हणत होते, आणि शिक्क्याला ते धूळफेक समजत. वयोगट ठरवला असता तर प्रौढांचं कॉमिक वेगळ्या फळीवर जगलं असतं. पण वेगळी फळी म्हणजे स्टॉलवाल्याची जबाबदारी, आणि प्रकाशकांना कुणावरच जबाबदारी नको होती. म्हणून सगळंच आठ वर्षांच्या मापाने कापलं. हॉलिवूडने आपली अशीच संहिता १९६८मध्ये मोडीत काढून वयोगटांची पद्धत आणली. कॉमिक्सवाले जुन्यालाच ठिगळं लावत राहिले.

ठिगळांची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९७१मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली यांनी ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ९६ ते ९८ या अंकांत अमली पदार्थांविरुद्ध कथा लिहिली. शिक्का नाकारला गेला. संहितेत अमली पदार्थांचा उल्लेखच नव्हता. जे लिहिलं नाही पण संहितेच्या भावनेविरुद्ध आहे तेही नको, या पोतडीवजा कलमाखाली नकार आला. १९६७मध्ये मात्र ‘स्ट्रेंज अॅडव्हेंचर्स’च्या २०५व्या अंकातली अफूच्या तस्करीची गोष्ट त्याच कार्यालयाने पास केली होती. मार्व्हलने तिन्ही अंक शिक्क्याविना काढले, आणि जग बुडालं नाही. त्याच वर्षी संहिता सुधारली. डीसीच्या ‘ग्रीन लँटर्न’च्या ८५व्या अंकाच्या मुखपृष्ठावर तरुण साथीदार सुईच्या साहित्यासमोर कोलमडलेला दिसतो, आणि वर कोपऱ्यात शिक्का.

त्या सुधारणेत रक्तपिशाच्च आणि नरलांडगे परत आले, कारण अभिजात साहित्यात त्यांना स्थान आहे. झोंबींना तसं घराणं नव्हतं, म्हणून ते बाहेरच. मार्व्हलने त्यांना ‘झुव्हेंबी’ असं नाव दिलं आणि ती प्रेतं बिनदिक्कत चालू लागली. शब्दांची यादी हातात देऊन बसवलेल्या तपासनिसाला कसं चकवायचं, याचा याहून स्वस्त नमुना मिळणार नाही.

पुढे शिक्का मेला तो वादात हरून नाही. १९७०च्या दशकात खास कॉमिक्सची दुकानं वाढली. ती माल परतीच्या अटीशिवाय, रोख हिशोबाने घेत. गठ्ठा परत पाठवण्याची सोयच नसल्यावर कोपरा पाहणारा मधला माणूस उरला नाही. १९८४मध्ये डीसीच्या ‘स्वॅम्प थिंग’चा २९वा अंक शिक्क्याविना बाहेर पडला आणि लवकरच त्या मासिकाने शिक्का कायमचा सोडला. मार्व्हल २००१मध्ये बाहेर पडलं, डीसी आणि ‘आर्ची’ २०११च्या जानेवारीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्क्याचे हक्क कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंडाकडे गेले. ही संस्था कॉमिक्सवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध खटले लढवते.

जुने अंक विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मुखपृष्ठावरची तारीख विक्रीच्या दिवसापेक्षा दोन-तीन महिने पुढची असते, त्यामुळे १९५४च्या अखेरीस मंजूर झालेला शिक्का १९५५च्या सुरुवातीच्या तारखांवर दिसू लागतो. एखादा अंक ‘कोडपूर्व’ म्हणून विकायला ठेवला असेल तर नुसत्या सालावर विसंबू नका, कोपरा पाहा. डेल आणि गिल्बर्टनचे नंतरचे अंकही बिनशिक्क्याचेच असतात, तेव्हा प्रकाशकही तपासा. भयकथा आणि गुन्हेकथांमध्ये ‘कोडपूर्व’ या एका शब्दाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. आणि ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’च्या २२व्या अंकाचं ते कुऱ्हाडीचं मुखपृष्ठ त्या यादीत बरंच वर आहे.